अल्पभूधारकाचें गोधन : दान देण्यापूर्वीं विचार



अवर्षणांत ज्यांचीं जनावरें दगावलीं अगर येईल त्या भावानें विकावीं लागलीं, त्या शेतकऱ्यांस पुन्हां गाय घेऊन द्यावी, अशी इच्छा अनेक दात्यांस होते. ती स्तुत्यच आहे. परंतु दोन एकरांच्या धन्यास गाय देणें म्हणजे त्याजवर रोजचा खर्चही लादणें होय. यास्तव गोपालनाचा आरंभ कसा व्हावा, हें आम्ही येथें थोडक्यांत मांडतों.

आधीं वैरण, मग गाय, हा पहिला नियम. मध्यम बांध्याच्या गाईस हिरवा चारा नसल्यास रोज ८ ते १० किलो कोरडी वैरण लागते. म्हणजे फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांस सुमारें १० ते १२ क्विंटल. उन्हाळ्यांत पाणीही रोज ४० ते ६० लिटर हवें. कडबा अख्खा टाकल्यास बराच पायदळीं जातो. कुट्टी केल्यास ती नासाडी टळते. पावसाळ्यांत मका चिकांत असतां कापून, कुट्टी करून, हवाबंद दाबून ठेविला, तर सुमारें दीड-दोन महिन्यांत मुरघास तयार होतो व उन्हाळ्यांत कामीं येतो.

दुसरा नियम जनावराच्या निवडीचा. माणदेशांत ओढकामास खिलार, लातूर-नांदेडकडे काम व दूध या दोहोंस देवणी, हीं त्या त्या हवेस रुळलेलीं जनावरें आहेत. संकरित गाय दूध अधिक देते. पण तिला खुराक व पाणी अधिक लागतें आणि ऊन कमी सोसतें. आरंभ एकाच गाईनें करावा.

तिसरा नियम रोगनिवारणाचा. लाळ्या-खुरकूत, घटसर्प व फऱ्या यांच्या लसी वेळेवर टोंचून घ्याव्या. इ. स. २०२२ मध्यें लंपी चर्मरोगानें महाराष्ट्रांत किती गोठे रिकामे केले, हें सर्वांस विदित आहे.

दुष्काळांत सर्वच विकूं लागतात. म्हणून गुरांचा भाव उतरतो आणि कडब्याचा चढतो. ज्याच्या गंजींत चार महिन्यांची वैरण आहे, तोच त्या बाजारापासून दूर राहूं शकतो. २०१२-१३ व २०१८-१९ सालीं चारा-छावण्या उघडाव्या लागल्या. परंतु घरचें दावें सोडून छावणींत राहणें कुटुंबास सुखाचें नसतें.

तरी आमची विनंती अशी कीं, जे गाय देतील त्यांनीं तिची चार महिन्यांची वैरणही द्यावी. व्यापाऱ्यांनीं सरकीची पेंड व कडबा सांठविण्यास वखारींतील जागा द्यावी. जमीनदारांनीं पडीक रानांतील गवत कापूं द्यावें. दोन गाई देऊन दोन्ही गमावण्यापेक्षां एक गाय देऊन ती जगविणें, हेंच दान सार्थकीं लागेल.