शिबिराआधी तट्टांची तयारी

कोरेगावच्या आसपास धनगरांच्या वाड्याबरोबर बिऱ्हाड वाहणारं भीमथडी तट्टू काटक खरं, पण ओझ्याला सरावलेलं जनावर पोरांच्या हलत्या पायांना बुजतं. म्हणून मुलांच्या घोडेस्वारी शिबिराआधी काही आठवडे रोज खोगीर घालून, आधी रिकामं आणि मग हलका स्वार बसवून फिरवावं. स्वार आणि खोगीर मिळून तट्टाच्या वजनाच्या २० टक्क्यांपुढे जाऊ नये. २०० किलोच्या तट्टावर ४० किलो, बस्स. खूर दर ६ ते ८ आठवड्यांनी नालबंदाला दाखवावेत. धनुर्वाताची लस चुकवू नये.

मदतनिसाने लगाम हाताला कधीही गुंडाळू नये. तंग आवळताना तट्टू पोट फुगवतं आणि चार पावलांत तंग ढिला पडतो, म्हणून स्वार चढण्यापूर्वी तो पुन्हा तपासावा. हेल्मेटशिवाय एकाही मुलाला चढवू नका.