वीज कुणाच्या मालकीची? बाबासाहेबांनी १९४३ मध्ये विचारलेला प्रश्न आणि आजचा महाराष्ट्र

४ जानेवारी २०२३ रोजी महाराष्ट्रातील तिन्ही सरकारी वीज कंपन्यांचे कर्मचारी, अभियंते आणि कंत्राटी कामगार ७२ तासांच्या संपावर गेले. तीसहून अधिक संघटना त्यात होत्या. मुख्य मागणी पगारवाढीची किंवा बोनसची नव्हती. अदानी समूहातील एका कंपनीने भांडुप, मुलुंड, ठाणे, नवी मुंबई, पनवेल, उरण या पट्ट्यात वीज वितरणाचा समांतर परवाना मागितला होता, तो देऊ नये, असे त्यांचे म्हणणे होते. तत्कालीन उपमुख्यमंत्री आणि ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्याच दिवशी संघटनांशी चर्चा केली, सरकारला या कंपन्यांचे खासगीकरण करायचे नाही असे सांगितले आणि संप मागे घेतला गेला.

त्या दिवशी चर्चा झाली ती कुठे लाईट गेली याची. समांतर परवाना म्हणजे काय, हे फारसे कुणी समजावून सांगितले नाही. आपल्या चळवळीतील अनेक तरुणांनाही हा कर्मचाऱ्यांचा अंतर्गत प्रश्न वाटला. तो तसा नाही.

बाबासाहेब आणि वीज

डॉ. बाबासाहेब आंबेडकर जुलै १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कामाचे तास, किमान वेतन याबद्दलचे त्यांचे काम आपल्याला माहीत असते. पण पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्याच खात्याकडे होते, हे जयंतीच्या भाषणांत क्वचितच येते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी युद्धोत्तर पुनर्रचनेच्या धोरण समितीपुढे त्यांनी वीज धोरणावर भाषण केले. त्यांनी मांडलेला पहिला प्रश्नच मालकीचा होता. वीज खासगी मालकीची असावी की सरकारी? खासगी असेल तर जनतेच्या हितासाठी कोणत्या अटी घालाव्या लागतील? आणि वीज केंद्राच्या हाती असावी की प्रांतांच्या?

त्यामागचा त्यांचा विचार सरळ होता. शेतीवर प्रमाणाबाहेर माणसांचा भार आहे. तो हलका करायचा तर उद्योग हवेत आणि उद्योगांना वीज हवी. ती नुसती असून भागत नाही, स्वस्त आणि मुबलक असावी लागते. गावात दुसऱ्याच्या शेतावर राबणाऱ्या भूमिहीन माणसाला कारखान्यातली नोकरी म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगण्याची गरज नव्हती. १९४४ मध्ये त्यांच्या खात्याखाली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. दामोदर खोऱ्याच्या योजनेची पायाभरणीही त्याच काळातली.

१९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात ते आणखी पुढे गेले. मूलभूत उद्योग सरकारी मालकीचे असावेत, एवढेच म्हणून ते थांबले नाहीत. ही तरतूद संविधानातच असावी, म्हणजे बदलत्या बहुमताला ती मोडता येणार नाही, असा त्यांचा आग्रह होता. ती तरतूद संविधानात आली नाही. त्यामुळे वीज कुणाची, हे आज प्रत्येक सरकार आपापल्या सोयीने ठरवू शकते. पुढचा सगळा इतिहास या एका गोष्टीभोवती फिरतो.

मंडळापासून एन्रॉनपर्यंत

१९४८ च्या वीज पुरवठा कायद्याने राज्यांमध्ये वीज मंडळांची वाट मोकळी झाली आणि २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ अस्तित्वात आले. त्याआधी मुंबईला वीज मिळत होती ती प्रामुख्याने टाटांच्या जलविद्युत प्रकल्पांमधून. खोपोलीचे केंद्र १९१५ चे. मुळशीच्या धरणासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, धरण तरीही झाले. वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली.

म्हणजे सरकारी मालकी आली आणि न्याय झाला, असेही नाही. कोयना प्रकल्प सरकारी होता. तिथल्या विस्थापितांनाही पुनर्वसनासाठी पिढ्यान्‌पिढ्या झगडावे लागले. सार्वजनिक मालकीची बाजू घेताना ही गोष्ट लपवू नये. फरक एवढाच की सरकारला जाब विचारता येतो, विधानसभेत प्रश्न मांडता येतो, मत देताना हिशेब चुकता करता येतो.

खासगी करार झाल्यावर काय होते, हे एन्रॉनने दाखवून दिले. गुहागर तालुक्यातील दाभोळ प्रकल्पाचा वीज खरेदी करार डिसेंबर १९९३ मध्ये झाला, तेव्हा शरद पवार मुख्यमंत्री होते. १९९५ ची विधानसभा निवडणूक शिवसेना-भाजप युतीने एन्रॉन अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा करून लढवली. सत्तेवर आल्यावर ऑगस्ट १९९५ मध्ये प्रकल्प रद्दही केला. मग फेरवाटाघाटी झाल्या आणि बुडवलेला प्रकल्प वर आला. १९९६ मध्ये केंद्रात अवघे तेरा दिवस टिकलेल्या वाजपेयी सरकारने त्याच्या प्रतिहमीला मंजुरी दिली. बहुमत सिद्ध करता आले नाही, पण तेवढे काम उरकले! दरम्यान गुहागरमध्ये विरोध करणाऱ्या गावकऱ्यांना लाठीमार आणि अटक सोसावी लागली.

१९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला. कराराची मेख अशी होती की वीज घ्या अथवा घेऊ नका, ठरलेला स्थिर आकार मंडळाने द्यायचाच. इंधन महागले, डॉलर वधारला आणि मंडळाला एन्रॉनची वीज कधीकधी युनिटला सात रुपयांच्याही वर पडू लागली. मे २००१ मध्ये मंडळाने खरेदी थांबवली, डिसेंबरमध्ये अमेरिकेत एन्रॉनचे दिवाळे निघाले. २००५ मध्ये तो प्रकल्प पुन्हा उभा करायला पुढे आल्या एनटीपीसी आणि गेल, म्हणजे सरकारी कंपन्याच.

तुकड्यातुकड्याने

एन्रॉननंतर कुणी सरसकट ‘विकतो’ म्हणत नाही. पद्धत बदलली आहे. २००३ च्या वीज कायद्यानंतर ६ जून २००५ रोजी मंडळाचे विभाजन झाले. महानिर्मिती वीज तयार करते, महापारेषण ती वाहून आणते आणि महावितरण घरापर्यंत पोहोचवते. तिन्ही कंपन्या सरकारीच राहिल्या, पण आता प्रत्येक तुकडा वेगळा हाताळता येतो.

त्यानंतर आली फ्रँचायझी. यात मालकी महावितरणची राहते, पण बिल वसुली, दुरुस्ती आणि ग्राहक खासगी कंपनीकडे जातात. भिवंडीत २००७ पासून टोरंट पॉवर हे काम करते. तिथली वीजगळती बरीच खाली आली, हे नाकारून चालणार नाही. वाढीव बिलांविरुद्ध यंत्रमागवाले आणि रहिवासी रस्त्यावर आले, हेही तितकेच खरे. भिवंडीचे उदाहरण नेहमी दिले जाते, पण औरंगाबाद, जळगाव आणि नागपूरचे कुणी देत नाही. या तिन्ही शहरांतल्या फ्रँचायझी २०११ मध्ये सुरू झाल्या आणि २०१९ पर्यंत तिन्ही ठिकाणचा कारभार पुन्हा महावितरणला हाती घ्यावा लागला.

समांतर परवाना ही त्याच्या पुढची पायरी. एकाच भागात दोन वितरण कंपन्या, ग्राहकाने हवी ती निवडावी. ऐकायला छान वाटते. पण विजेचा दर कसा ठरतो ते पाहा. कारखाने, मॉल, मोठी कार्यालये यांना युनिटचा दर खर्चापेक्षा जास्त लावला जातो. त्या जादा पैशातून कमी वापर असलेली घरे आणि कृषिपंप यांचा दर खाली ठेवला जातो. याला क्रॉस सबसिडी म्हणतात. २००३ च्या कायद्यात ती कमी करत करत संपवण्याची भाषा होती. २००७ च्या दुरुस्तीत ‘संपवणे’ गेले, ‘कमी करणे’ राहिले.

आता समजा, नवी कंपनी नवी मुंबई-ठाण्याच्या औद्योगिक पट्ट्यातले मोठे ग्राहक घेऊन गेली. मेळघाटातला पाडा, मराठवाड्यातली वस्ती, विदर्भातला कृषिपंप महावितरणकडेच राहणार. त्यांचा दर खाली ठेवणारा पैसा मात्र गेलेला असेल. मग एकतर त्यांचे बिल वाढेल, नाहीतर सरकारी कंपनी तोट्यात जाईल आणि ‘बघा, सरकारी कंपन्या चालतच नाहीत’ असे म्हणायला रान मोकळे होईल.

ही कल्पनेची भरारी नाही. मुंबई उपनगरात टाटा आणि रिलायन्स यांच्यात ग्राहक बदलण्याची मुभा मिळाल्यावर मोठे ग्राहक उचलले जातात, अशी तक्रार झाली. २०१२ मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोगाला काही काळापुरता आदेश काढावा लागला की महिन्याला ३०० युनिटपर्यंत वापर असलेल्या ग्राहकांनाच टाटांकडे जाता येईल.

आपल्या घरातला प्रश्न

दहावीनंतर आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन झालेली किती मुले आपल्या वस्तीत आहेत, मोजून पाहा. त्यांच्यासाठी महावितरणची विद्युत सहाय्यक भरती ही मोठी आशा असते. एका अलीकडच्या जाहिरातीत अशी ५,३४७ पदे होती. राज्याच्या २००१ च्या आरक्षण कायद्यामुळे सरकारी कंपन्यांत अनुसूचित जातींना १३ टक्के, जमातींना ७ टक्के आणि भटके-विमुक्त व इतर मागासवर्गीयांना त्यांचा वाटा मिळतो. खासगी वितरण कंपनीवर असे बंधन नाही. ती जेवढा भाग घेईल, तेवढ्या भागातल्या पुढच्या जागा आरक्षणाबाहेर जातात. संविधानाला हात न लावता आरक्षण असेच संपते.

पण एक कटू गोष्ट सांगितलीच पाहिजे. खासगीकरण सरकारी कंपन्यांच्या आतही झाले आहे. उपकेंद्रात, लाईनवर, मीटर रीडिंगला आज मोठ्या संख्येने कंत्राटी कामगार आहेत. कंत्राटदार बिंदुनामावली पाळत नाही. खांबावर चढणारा आपलाच मुलगा असतो, पण कायम नोकरीची हमी त्याच्याकडे नसते. समांतर परवान्याला विरोध करणाऱ्या संघटनांनी हा मुद्दा शेवटच्या ओळीत न टाकता पहिल्या ओळीत घ्यायला हवा, असे माझे मत आहे.

मालकी सरकारी असली की आणखी एक गोष्ट शक्य होते. १४ एप्रिल २०२१ पासून राज्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर जीवन प्रकाश योजना राबवली गेली. अनुसूचित जाती-जमातींच्या घरांना ५०० रुपये अनामत भरून, तीही पाच हप्त्यांत, वीज जोडणी देण्याची ही योजना. नफ्यासाठी चालणारी कंपनी अशा ग्राहकामागे स्वतःहून धावत नाही, कारण त्याचे बिल लहान असते.

वीज हा संविधानाच्या समवर्ती सूचीतला विषय आहे, त्यामुळे केंद्राचा निर्णय थेट आपल्या मीटरवर येतो. ८ ऑगस्ट २०२२ रोजी लोकसभेत मांडलेल्या वीज दुरुस्ती विधेयकात, नव्या खासगी वितरकाला स्वतःच्या तारा न टाकता अस्तित्वात असलेलेच जाळे वापरू देण्याची तरतूद होती. म्हणजे खांब, तारा आणि डीपी जनतेच्या पैशाची, ग्राहक दुसऱ्याचे. ते विधेयक स्थायी समितीकडे गेले आणि पुढे सरकले नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने दुरुस्तीचा नवा मसुदा आणला.

यात कार्यकर्त्यांना हात घालता येईल अशी एक जागा आहे. परवाना किंवा दरवाढीचा अर्ज आला की तो जाहीर करून लोकांच्या सूचना-हरकती मागवाव्या लागतात. दरवाढीवर राज्यात वेगवेगळ्या ठिकाणी जाहीर सुनावण्या होतात. हरकत नोंदवायला वकील लागत नाही, साधा अर्ज चालतो, तोही मराठीत. उद्योजकांच्या संघटना तिथे आकडेवारीच्या फायली घेऊन हजर असतात. वस्त्यांमधून, बुद्ध विहारांच्या समित्यांमधून, आयटीआयच्या मुलांमधून तिथे गेलेली माणसे मात्र फार थोडी दिसतात.