ताठर गुडघा आणि यशाचा हिशेब

सांधेरोपण यशस्वी झाले असे आपण म्हणतो, ते कोणत्या मापाने? माझ्या आईचा उजवा गुडघा शस्त्रक्रियेपूर्वी जेमतेम ५० अंश वाकत असे. आज तो ९० अंश वाकतो. शेजारच्या काकूंचा मुळातच ११० अंश वाकणारा गुडघा आता १२० पर्यंत जातो. काकू तृप्त आहेत. आई मात्र आपण फसवले गेलो असे समजते.

वस्तुतः वाढ आईच्याच वाट्याला चौपट आली. शस्त्रक्रियेनंतर गुडघा किती वाकेल हे पुष्कळ अंशी तो आधी किती वाकत होता यावर ठरते, हा अस्थिशल्यचिकित्सेतील सर्वमान्य अनुभव आहे. वर्षानुवर्षे न वाकलेल्या गुडघ्याचे आवरण आणि मांडीचा पुढचा स्नायू आखडलेला असतो. धातूचा सांधा बसविला म्हणून तो लगेच सैल होत नाही. अशी शस्त्रक्रिया अधिक किचकट, आणि जखम भरण्यात अडचणी येण्याचा संभवही अधिक. सपाट रस्त्यावर चालण्यास सुमारे ७० अंश पुरतात, जिन्यास ९० च्या आसपास लागतात; उकिडवे बसण्यास मात्र १३० च्या घरात जावे लागते. हे कोष्टक आईला आधी कोणी समजावून दिले नव्हते.

मग गुडघा इतका ताठर होईपर्यंत आम्ही थांबलो का? खर्चापायी. (अर्थशास्त्र शिकविणाऱ्याने विलंबाची किंमत हिशेबात धरू नये, याचे वैषम्य मला आजही वाटते.) ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्यांच्या कमाल किमती ठरविल्या. सर्वाधिक वापरात असलेल्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची सरासरी छापील किंमत दीड लाखावर होती. ती कर वगळता ५४,७२० रुपयांवर आली. निर्णय स्वागतार्हच होता. तथापि किंमत बांधली गेली ती धातूची. ताठर गुडघ्याला पुढे कित्येक आठवडे व्यायाम करवून घेणारा भौतिकोपचारतज्ज्ञ लागतो. त्याचा खर्च या आदेशाच्या कक्षेबाहेरच राहिला. पाचव्या आठवड्यात आई वेदनेपायी आणि आम्ही पैशापायी तो व्यायाम थांबविण्याच्या बेतात होतो. सांधा पुन्हा आखडण्याचा काळ नेमका तोच!

संमतिपत्रावर रुग्णाची सही घेताना आजचे अंश आणि अपेक्षित अंश असे दोन आकडे लिहावयाचे, एवढे तरी रुग्णालयांवर बंधनकारक करावयास हरकत नसावी. परवा आई जिना उतरून एकटी भाजी घेऊन आली, आणि जेवताना पाटावर बसता येत नाही म्हणून पुन्हा कुरकुरली.