न विंचरता येणारा भोवरा

बैलबाजारात आमचे वडील बैलाचे दात पाहतात, तसेच त्याच्या अंगावरचे भोवरेही पाहतात. लहानपणी आजी माझ्या डोक्याला चपचपीत तेल लावून भांग पाडी. पण टाळूवरचा भोवरा काही बसत नसे. कंगव्याने तो जरा सरके, नाहीसा होत नसे. यंदा वसतिगृहातील विज्ञान शाखेच्या सोबत्याने सांगितले, की अशाच भोवऱ्यांवर मोठमोठे शास्त्रज्ञ डोके लढवीत आहेत. मी पडलो इतिहासाचा विद्यार्थी. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

चुंबकीय पदार्थातील अणू म्हणजे जणू एकेक चिमुकला चुंबक. त्याच्या दिशेला स्पिन म्हणतात. साध्या चुंबकात शेजारशेजारचे स्पिन कवायतीतल्या मुलांप्रमाणे एकाच दिशेला तोंड करतात. मँगनीज व सिलिकॉन यांच्या एका संयुगात मात्र प्रत्येकाला शेजाऱ्यापेक्षा किंचित वळून उभे राहण्याची खोड आहे. उणे २४४ अंश सेल्सिअसच्या थोडे खाली, बेताचे चुंबकीय क्षेत्र लावले, की त्यांचे भोवरे बनतात: मधला स्पिन खाली, कडेचे वर, आणि दरम्यानचे हळूहळू वळत गेलेले. टोनी स्किर्म या ब्रिटिश शास्त्रज्ञाच्या नावावरून यांना स्किर्मिऑन म्हणतात. चुंबकात ते असू शकतील असे बोग्दानोव्ह व याब्लोन्स्की यांनी १९८९ मध्ये मांडले. म्युनिकच्या संशोधकांना २००९ मध्ये न्यूट्रॉनच्या साहाय्याने ते सापडले. एकाची रुंदी सुमारे १८ नॅनोमीटर. म्हणजे मिलिमीटरभर रेषेत पन्नास हजारांहून अधिक!

आता खरी गंमत. क्षेत्र बदलले, की पदार्थाने नव्या स्थितीत स्थिरावायचे असते. याला शिथिलन म्हणतात. एकटा स्पिन डोळ्याचे पाते लवण्याच्या कितीतरी आधी वळतो. पण भोवरे बनण्याच्या वा मोडण्याच्या सीमेवर हेच काम कित्येक सेकंद रेंगाळू शकते. कारण उघड आहे. एकेक स्पिन वळवून भागत नाही, अख्खा भोवरा उलगडावा लागतो. आणि तो विंचरून जात नाही, कुठेतरी फाडावाच लागतो. शेजारचे दोन भोवरे चेन ओढावी तसे एकमेकांत मिसळत जातात, आणि मिसळण्याच्या टोकाशी एका बिंदूवर चुंबकत्वच उरत नाही, असे २०१३ मध्ये दिसून आले.

लोहार तापल्या विळ्याला पाणी पाजतो, त्याप्रमाणे हा पदार्थ झपाट्याने थंड केला, तर भोवरे आपली हद्द सोडूनही अडकून राहतात. खूप थंडीत ते जवळजवळ मोडतच नाहीत. थोडी ऊब द्या, की आयुष्य भराभर घटते. संगणकाची माहिती अशा भोवऱ्यांत साठवू पाहणाऱ्यांना हीच चिंता आहे. साठवलेले निदान दहा वर्षे तरी टिकावे, अशी त्यांची अपेक्षा असते.

मला वाटले होते, भोवरा मोडण्याच्या आड येणारा ऊर्जेचा बांध उंच केला की झाले. पण लोह, कोबाल्ट व सिलिकॉन यांच्या संयुगावरील २०१७ च्या प्रयोगांनी वेगळेच दाखवले. बांध उंचावला, तसतशा तो ओलांडण्याच्या वाटाही अफाट वाढल्या, आणि उंचीचा बराचसा फायदा त्यांनीच खाऊन टाकला. पाटाचे पाणी राखत रात्र काढलेल्या माणसाला हे निराळे समजावून सांगायला नको. बांध कितीही उंच घाला, खेकड्यांनी बिळे केली की सकाळी वाफा कोरडाच सापडतो.