अर्बुद, व्याधिक्षमत्व आणि ताटातील चोथा

कर्करोगाचे निदान झालेला रुग्ण वैद्याकडे येतो, तेव्हा त्याचा प्रश्न बहुधा एकच असतो : ‘प्रतिकारशक्ती वाढविण्यासाठी काय घेऊ?’ औषधी दुकानातही हाच प्रश्न विचारला जातो आणि उत्तरादाखल एखादी बाटली पुढे केली जाते. या उत्तराचा पुनर्विचार होणे आम्हांस अगत्याचे वाटते.

चक्रपाणींनी व्याधिक्षमत्वाचे दोन अर्थ सांगितले : उत्पन्न व्याधीच्या बलास विरोध आणि व्याधीच्या उत्पत्तीस प्रतिबंध. अर्बुदाच्या रुग्णात पहिला अर्थ महत्त्वाचा. आधुनिक शास्त्रानुसार टी पेशी कर्कपेशींचा नाश करतात. मात्र त्यांच्यावर पीडी-१ सारखे लगाम असतात व कर्कपेशी त्यांचा लाभ उठवितात. हे लगाम सैल करणाऱ्या चिकित्सेचा पाया घातल्याबद्दल जेम्स ॲलिसन व तासुकु होंजो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या चिकित्सेच्या यशाशी आहाराचा संबंध दिसून आला आहे. अमेरिकेतील एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्राच्या संशोधकांनी २०२१ मध्ये मेलॅनोमाच्या १२८ रुग्णांचा आहार तपासला. दररोज किमान २० ग्रॅम चोथा घेणाऱ्यांत रोग अधिक काळ आटोक्यात राहिला. दर ५ ग्रॅम वाढीमागे रोगवृद्धी वा मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळला. पुरेसा चोथा घेणारे, परंतु प्रोबायोटिक गोळ्या न घेणारे रुग्ण सर्वांत सरस ठरले. उंदरांवरील प्रयोगांत अल्प चोथ्याचा आहार व प्रोबायोटिक या दोहोंनी चिकित्सेचा प्रभाव घटला. मानवी निरीक्षण म्हणजे कार्यकारणभावाचा पुरावा नव्हे. तथापि दिशा स्पष्ट आहे. पथ्याची जागा गोळी घेऊ शकत नाही.

हळदीबाबतही हाच विवेक हवा. फोडणीतील हळद वेगळी, अर्क वेगळा. २० मि. ग्रॅ. पिपेरिन दिल्यास कर्क्युमिनची जैवउपलब्धता माणसांत २००० टक्क्यांनी वाढते, असे बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखविले. पिपेरिन यकृतातील औषध-चयापचयाच्या विकरांनाही रोखते. त्यामुळे रुग्णाच्या इतर औषधांची रक्तातील मात्रा बदलू शकते. मिरीयुक्त हळद-अर्क घेतलेल्यांत यकृतविकार झाल्याच्या नोंदी अमेरिकेत २०२२ मध्ये प्रसिद्ध झाल्या.

म्हणून वैद्यबंधुभगिनींनी अर्बुदाच्या रुग्णास प्रथम आहार विचारावा. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम, तर अख्ख्या मुगात सुमारे १७ ग्रॅम चोथा असतो. अग्निबल पाहून तो हळूहळू वाढवावा. आंत्रावरोध वा नुकतीच उदरशस्त्रक्रिया झाली असल्यास मात्र टाळावा. घेत असलेल्या प्रत्येक चूर्णाची व गोळीची नोंद कर्करोगतज्ज्ञापर्यंत पोहोचवावी. औषधविक्रेत्यांनी बाटली देण्यापूर्वी ‘केमोथेरपी किंवा इम्युनोथेरपी चालू आहे काय?’ एवढे अवश्य विचारावे. एका विक्रीपेक्षा रुग्णाचा विश्वास मोठा आहे, आणि आयुर्वेदाची प्रतिष्ठा त्यावरच उभी आहे.