इथलं तंत्र : लेखांक १४ – जुळ्या कोकरांची गोष्ट

गेल्या आठवड्यात किर्लोस्करांचा लोखंडी नांगर बांधावर उभा होता आणि 'लोखंडानं जमीन नासते' म्हणून शेतकरी त्याला हात लावत नव्हता. आज तो चालता करायचा, असं कबूल केलं होतं. पण मधल्या दिवसांत आटपाडीच्या एका वाचकांचं पत्र आलं, त्यामुळे नांगर आणखी आठवडाभर बांधावरच राहील. ते लिहितात, 'तुम्ही इचलकरंजीचे माग लिहिलेत, कोल्हापूरच्या फाउंड्र्या लिहिल्यात. आमच्या माणदेशात कारखाने नाहीत, मेंढरं आहेत. मेंढरात कसलं आलंय तंत्रज्ञान?'

हा प्रश्न कुणी तरी विचारावा म्हणून मी बरीच वर्षं वाट पाहत होतो. माणदेशाला लागूनच असलेल्या फलटणमध्ये मेंढरात तंत्रज्ञान आलं आहे. माझ्या मते या लेखमालेतल्या कुठल्याही यंत्रापेक्षा त्याची घडण अधिक नाजूक आहे.

आपली दख्खनी मेंढी काटक. लोणंदची, सांगोल्याची, माडग्याळची, संगमनेरची असे तिचे निरनिराळे वाण बाजारात ओळखले जातात. दुष्काळात सुक्या काडीवर राहते, दिवसाकाठी मैलोन्‌मैल चालते. मात्र एका वेताला एकच कोकरू देते. जुळं झालं तर शेजारच्या वाड्यावरचे लोक बघायला येतात. पूर्वी यानं अडत नव्हतं, कारण गायरानं होती आणि उत्पन्न वाढवायचं तर मेंढरं वाढवता येत होती. आता गायरानं आक्रसली, माळ बागायतीखाली गेले आणि लोकरीला कातरण्याची मजुरीही सुटेना. धनगराचा खरा पैसा तीन-चार महिन्यांचं कोकरू विकून येतो. तेव्हा आहेत त्याच मेंढरांनी जास्त कोकरं दिली, तरच हिशेब जमतो.

सरकारनं पूर्वी परदेशी मेरिनो आणि राम्बुले जातीचे नर आणून इथली मेंढी सुधारायचा प्रयत्न केला होता. ती सुधारणा लोकरीची होती. धनगराला लोकर नको होती, कोकरू हवं होतं. त्याला कुणी विचारलंच नाही.

आता जरा लांब जाऊ, कारण ही गोष्ट तिकडून फिरून येते. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या कूमा गावाजवळ 'बुरूला' नावाचं मेंढ्यांचं कुरण होतं. तिथले सीअर्स बंधू जुळी-तिळी देणाऱ्या मेरिनो मेंढ्या वेगळ्या काढून जपत आले होते. १९५८ मध्ये त्यांनी पाच भावंडांत जन्मलेला एक नर तिथल्या सरकारी विज्ञान संस्थेला भेट दिला. हेलन न्यूटन टर्नर या संशोधिकेनं त्यातून कळप वाढवला आणि पुढे त्याची वंशावळ जुन्या कागदपत्रांत शोधत मागे मागे नेली. तो माग १७९२-९३ मध्ये कलकत्त्याहून सिडनीला जहाजानं गेलेल्या 'बंगाली' मेंढ्यांपर्यंत पोचला. १९८० च्या सुमारास पायपर आणि बिंडन या शास्त्रज्ञांनी मांडलं, की हा गुण अनेक जनुकांनी मिळून ठरत नाही, एकटं एकच मोठं जनुक तो ठरवतं. गुणाला नाव पडलं बुरूला. मूळ मेंढ्या मात्र सुंदरबनातच होत्या. तिथल्या चिखलात, गुडघाभर पाण्यात चरणाऱ्या त्या ठेंगण्या मेंढ्यांना 'गरोळ' म्हणतात. जुळी हा त्यांचा नित्याचा प्रकार.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं १९९० च्या दशकात या गरोळ मेंढ्या थेट सुंदरबनातून आणल्या. बनबिहारी निंबकरांनी १९६८ मध्ये स्थापलेली ही संस्था. मेंढ्यांचं काम त्यांच्या कन्या चंदा निंबकर यांनी उभं केलं, त्यांनी पीएच.डी.ही ऑस्ट्रेलियात आर्मिडेलच्या विद्यापीठात याच विषयात केली.

गरोळ जशीच्या तशी धनगराला दिली असती, तर त्यानं ती हसत परत केली असती. मोठी झालेली गरोळ मेंढी जेमतेम १२-१४ किलोंची भरते. आपली दख्खनी तिच्या दुपटीहून मोठी. पहिल्या संकरातली पिलं बारकी निघाली, आणि बाजारात कोकराची किंमत अंगावरून ठरते. म्हणजे गरोळचं अंग नको, पाय नकोत, कातडी नको. तिच्यातलं ते एक जनुक तेवढं हवं. त्यासाठी संकरातलं जनावर पुन्हा दख्खनीला, त्याची पिलं पुन्हा दख्खनीला, असं पिढ्यान्‌पिढ्या लावत जायचं आणि दर पिढीत जनुक असलेलं पिलू निवडायचं.

निवडायचं कसं, इथे खरी अडचण होती. हे जनुक मादीच्या बीजांडावर काम करतं. त्याच्यामुळे बीजांडातल्या बीजाच्या पिशव्या लहान असतानाच पिकतात आणि एका माजाला एकाऐवजी दोन-तीन बीजं सुटतात. नराच्या अंगावर याची काहीच खूण नसते. मादीत असलं तरी ती व्याल्याखेरीज कळत नाही, आणि पहिल्या वेताला एकच झालं म्हणून जनुक नाही असंही म्हणता येत नाही. अशा अंदाजानं निवड करत बसलं, तर एका माणसाची उमेद संपेल पण वाण तयार होणार नाही.

२००१ मध्ये जगातल्या तीन गटांनी जवळपास एकाच वेळी हे जनुक हुडकलं. भल्यामोठ्या जनुकात एका ठिकाणी एकच अक्षर बदललेलं. पुढच्याच वर्षी सुंदरबनातल्या गरोळ मेंढ्यांच्या रक्तात अगदी तोच बदल सापडला आणि टर्नरबाईंनी कागदांवरून काढलेला माग रक्तानंही खरा ठरवला. अक्षर कळलं म्हणजे तपासणी करता येते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत ती तपासणी बसवली गेली. आता थोड्याशा रक्तावरून दुधातल्या पिलाचंही सांगता येतं, की याच्यात एक प्रत आहे, दोन आहेत की एकही नाही.

एक प्रत की दोन, हा फरक धनगराच्या दृष्टीनं फार मोठा. एक प्रत असलेली मेंढी बहुतेक वेळा एक किंवा दोन कोकरं देते. दोन प्रती असल्या तर तीनही होतात, आणि मेंढीला सड दोनच. तिसरं कोकरू चिकालाही मुकतं. म्हणून हिशेब असा बसवला, की दोन प्रतींचे नर संस्थेच्या कळपात तयार करायचे आणि धनगराच्या साध्या मेंढ्यांना लावायचे. अशा नराच्या प्रत्येक मुलीला एक प्रत हमखास मिळते, दुसरी कधीच मिळत नाही, कारण आई साधी. त्याच मुलींवर मात्र तोच नर पुन्हा सोडायचा नाही. सोडला तर त्यांची निम्मी पिलं दोन प्रतींची निघतात आणि तिळ्यांचा घोर मागे लागतो.

तयार झालेल्या वाणाचं नाव 'नारी सुवर्णा'. अंगानं दख्खनी, आत सुंदरबनातलं एक अक्षर.

आता त्यापुढचा प्रश्न: फायदा कुणाला झाला? ज्यांची मेंढरं गावातच राहतात, ज्यांना व्यायच्या आधीचे काही आठवडे मेंढीला मूठभर मका घालता येतो आणि जुळ्यातल्या कमजोर कोकराला बाटलीनं दूध पाजायला घरात कुणी बाई, कुणी म्हातारं माणूस असतं, त्यांना झाला. अशा घरात जुळी म्हणजे तेवढ्याच चाऱ्यावर विकायला आणखी एक कोकरू. पण दिवाळीनंतर घोड्यावर बिऱ्हाड घालून कोकणच्या वाटेला लागणाऱ्या वाड्यांचं तसं नाही. वाटेत व्यायलेल्या मेंढीचं एक कोकरू खांद्यावर येतं, दोन आली तर माणूस अडतो. अशा वाड्यावर एका जाणत्या मेंढक्यानं मला सांगितलं होतं, 'दोन देती ते खरं, पर दोघांस्नी चालवायचं कुणी?' मी निरुत्तर झालो होतो. फिरस्त्या वाड्यांना हा नर सरसकट द्यावा, असं मला आजही वाटत नाही.

म्हणून आटपाडीकरांना माझं उत्तर असं आहे. हे जनुक फलटणनं शोधलं नाही. ते निसर्गाचं, आणि त्याचा शोध परदेशातला. फलटणनं केलं ते जुळवणीचं काम. किती प्रती, कुठल्या अंगात, कुणाच्या वाड्यावर, किती खुराकासकट, हे ठरवायला वीस-पंचवीस वर्षं एकाच तालुक्यात, त्याच धनगरांच्या मेंढरांत उभं राहावं लागलं. मुंबई-दिल्लीत बसून हे ठरवता आलं नसतं. प्रादेशिक तंत्रज्ञानाचं धोरण म्हणून जे लिहिलं जातं त्यात यंत्रं असतात, अनुदानं असतात. तालुक्यात पंचवीस वर्षं टिकणाऱ्या माणसांची तरतूद क्वचितच असते. ती करायला हवी, आणि रक्ताच्या या तपासणीची सोयही जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यापर्यंत यायला हवी. आज नर घेणाऱ्या धनगराला विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबावं लागतं.

वाचकांकडून मला एक मदत हवी आहे. ज्यांच्या वाड्यावर जुळी देणाऱ्या मेंढ्या आहेत, मग त्या सुवर्णा असोत की घरच्या, त्यांनी या हंगामात पहिल्या पंधरवड्यातली मरतूक वहीत टिपून ठेवावी: एकट्या कोकरांची वेगळी, जुळ्यांची वेगळी. वाडा फिरता आहे की गावातला, तेही लिहावं. पत्रं आली की ती इथेच छापीन. नांगर पुढच्या आठवड्यात.