सुई आणि ॲम्प यांच्यामधला डबा

नवे टर्नटेबल घरी येते, ॲम्पच्या मागे ‘ऑक्स’ लिहिलेल्या सॉकेटमध्ये त्याच्या दोन पिना जातात, तबकडी फिरू लागते आणि सुई टेकते. आवाज येतो, पण अगदी किरटा. डग्गा गायब, झांजा तेवढ्या कानात टोचणाऱ्या. व्हॉल्यूमची कळ शेवटपर्यंत फिरवली तरी खोली भरत नाही. टर्नटेबल धड असते आणि ॲम्पही धड असतो. दोघांच्या मध्ये असायला हवा तो फोनो प्रीॲम्प मात्र नसतो.

हा डबा काडेपेटीपेक्षा थोडा मोठा असू शकतो आणि काही हजारांत मिळतो, तसाच तो लाखाच्या घरातही जातो. त्यामुळे घेणाऱ्याचा पहिला प्रश्न ‘किती पैसे घालू?’ असा असतो. खरे तर तो ‘माझ्या कार्ट्रिजला काय लागते?’ असा हवा. त्याचे उत्तर कार्ट्रिजच्या, म्हणजे सुई ज्यात बसते त्या भागाच्या, माहितीपत्रकावरच्या तीन-चार आकड्यांत असते. ते जुळले तर साध्या किमतीचा डबाही तबकडीला न्याय देतो. ते जुळले नाहीत तर महागडा डबाही पैसे पाण्यात घालतो.

त्याला दोनच कामे

पहिले काम आवाज मोठा करण्याचे. सुई खाचेतून जाताना कार्ट्रिजमध्ये जी वीज तयार होते ती काही मिलिव्होल्ट, म्हणजे व्होल्टच्या हजारांश भागांत मोजावी लागते. सीडी प्लेअर ॲम्पला साधारण २ व्होल्टचा सिग्नल देतो. ‘ऑक्स’ सॉकेट अशाच दणकट सिग्नलसाठी बनवलेले असते, त्यामुळे कार्ट्रिजचा सिग्नल तिथे पुरा पडत नाही.

दुसरे काम जास्त महत्त्वाचे. तबकडीवर संगीत जसेच्या तसे कोरलेले नसते. खर्जाचे सूर पूर्ण ताकदीने कोरले, तर खाच डावी-उजवीकडे इतके हेलकावे खाईल की शेजारच्या खाचेत घुसेल. ते टाळायला खाचा लांब लांब ठेवल्या, तर एलपीच्या एका बाजूला वीसेक मिनिटांचे गाणे मावणार नाही. तारसप्तकाकडचे बारीक आवाज उलट इतके नाजूक असतात की तबकडीच्या खरखरीत ते बुडून जातील. म्हणून कोरतानाच खर्ज दाबतात आणि बारीक आवाज वाढवतात. वाजवताना याच्या नेमके उलट करावे लागते.

किती दाबायचे आणि किती वाढवायचे, याचे प्रमाण पूर्वी कंपनीगणिक वेगळे होते. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने, म्हणजे आरआयएएने, एक प्रमाण ठरवले आणि पुढे ते जगभर रूढ झाले. त्यानुसार प्रीॲम्प १,००० हर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झचा आवाज सुमारे नऊपट वाढवतो आणि २०,००० हर्ट्झचा जवळजवळ एकदशांशावर आणतो. ‘ऑक्स’मध्ये थेट जोडल्यावर डग्गा का हरवतो, ते यातून कळते. नुसता आवाज वाढवणारा माइकचा ॲम्प इथे का चालत नाही, तेही.

याच कारणाने दोन प्रीॲम्प एकापुढे एक जोडणे ही हमखास होणारी गफलत आहे. ऑडिओ-टेक्निकाच्या एलपी६०एक्स आणि एलपी१२०एक्ससारख्या टर्नटेबलांत प्रीॲम्प आतच असतो आणि ‘फोनो’ व ‘लाइन’ असा खटका असतो. बाहेरचा प्रीॲम्प लावताना खटका ‘फोनो’वर हवा. तो ‘लाइन’वर राहिला तर खर्ज दोनदा वाढतो आणि गाण्याचा नुसता घुमणारा, फाटका कल्लोळ होतो.

आधी कार्ट्रिज ओळखा

आजच्या बहुतेक परवडणाऱ्या टर्नटेबलांवर मूव्हिंग मॅग्नेट, म्हणजे एमएम जातीचे कार्ट्रिज असते. सुईच्या दांडीच्या मागच्या टोकाला इवलासा चुंबक असतो आणि तो स्थिर कॉइलांसमोर थरथरतो. मूव्हिंग कॉइल, म्हणजे एमसी प्रकारात चुंबक स्थिर आणि कॉइल हलती. हलणारी कॉइल हलकी राहावी म्हणून तिला तारेचे वेढे मोजकेच असतात, त्यामुळे वीजही कमी तयार होते.

ऑर्टोफोन २एम रेड हे एमएम कार्ट्रिज ५.५ मिलिव्होल्ट देते. ऑडिओ-टेक्निकाचे व्हीएम९५ई ४ मिलिव्होल्ट देते. डेनॉनचे नावाजलेले डीएल-१०३ हे एमसी कार्ट्रिज ०.३ मिलिव्होल्टवर थांबते.

तिसरी जात सिरॅमिक किंवा क्रिस्टल कार्ट्रिजची. आजोबांच्या काळातल्या कित्येक घरगुती रेकॉर्ड प्लेअरमध्ये तीच असे आणि आज मिळणाऱ्या स्वस्त सूटकेस प्लेअरमध्येही बहुधा तीच असते. तिचा सिग्नल शेकडो मिलिव्होल्टचा असतो, म्हणून तिला फोनो प्रीॲम्प लागत नाही. मुद्दाम लावलात तर आवाज फाटेल.

शंभरपट की हजारपट?

माहितीपत्रकात वाढीचा आकडा डेसिबलमध्ये छापतात. हिशेब सोपा आहे: दर २० डेसिबलला दहापट. म्हणजे ४० डेसिबल हे शंभरपट आणि ६० डेसिबल हजारपट.

आता गणित मांडू. व्हीएम९५ईच्या ४ मिलिव्होल्टची शंभरपट म्हणजे ०.४ व्होल्ट. २एम रेडची ०.५५ व्होल्ट. ॲम्पला एवढे पुरते. सीडी ऐकताना कळ जिथे असते त्याच्या थोडी पुढे न्यावी लागेल, आणि तो दोष नाही. डीएल-१०३ मात्र याच डब्याला जोडले तर हाती ०.०३ व्होल्ट येतात. कळ टोकाला न्यावी लागते आणि गाण्याबरोबर फुसफुसही वाढते. त्याला ६० डेसिबल किंवा थोडे अधिकच लागतात.

जास्त वाढ म्हणजे चांगली वाढ, असेही नाही. कार्ट्रिजचा छापील आकडा एका ठरावीक मध्यम पातळीचा असतो. जोरकस जागी सिग्नल त्याच्या चार-पाचपट उसळतो. २एम रेडला ६० डेसिबलच्या डब्यात घातले, तर सरासरीच साडेपाच व्होल्ट होईल आणि तबल्याच्या तिहाईला डब्याचीच क्षमता संपेल. गाणे फाटू लागले की लोक सुईला दोष देतात; चूक जास्तीच्या वाढीची असते.

डब्यातली कुजबुज: पिकोफॅरड

एमएम कार्ट्रिजसाठी प्रीॲम्पचा इनपुट रोध ४७ किलोओहम असावा, हे ठरून गेलेले आहे आणि जवळजवळ प्रत्येक डब्यात तो तेवढाच असतो. ज्याकडे लक्ष जात नाही तो आकडा कपॅसिटन्सचा. तो पिकोफॅरडमध्ये मोजतात. टोनआर्ममधल्या बारीक तारा, टर्नटेबलची केबल आणि प्रीॲम्पचा इनपुट या तिन्हींची बेरीज कार्ट्रिजच्या वाट्याला येते. ही बेरीज आणि कार्ट्रिजच्या कॉइलचे इंडक्टन्स मिळून वरच्या पट्टीत कुठेतरी एक उंचवटा तयार होतो.

व्हीएम९५ईचे इंडक्टन्स ५५० मिलिहेन्री आहे आणि कंपनी १०० ते २०० पिकोफॅरडची शिफारस करते. बेरीज १५० असेल तर उंचवटा १७ हजार हर्ट्झच्या पुढे पडतो. तिथे गाण्याचा ऐवज फारसा नसतो आणि चाळिशी ओलांडलेल्या बहुतेक कानांना तो पुरता ऐकूही येत नाही. पण समजा, तारा आणि केबल मिळून १५० झाले आणि डब्याच्या इनपुटला आणखी २२० आहेत. बेरीज ३७० होते आणि उंचवटा ११ हजारांच्या आसपास उतरतो. गायिकेच्या ‘स’ आणि ‘श’ला धार चढते, आणि त्याच्या वरचा भाग झपाट्याने खाली जातो. गाणे एकाच वेळी टोचरे आणि कोंदट वाटते ते असे.

२एम रेडला १५० ते ३०० पिकोफॅरड चालतात, म्हणून तेच टर्नटेबल आणि तोच डबा एका कार्ट्रिजला मानवतो आणि दुसऱ्याला मानवत नाही. एआरटी कंपनीच्या डीजे प्री टू या स्वस्त डब्यावर १०० आणि २०० पिकोफॅरडचा खटका आहे, तो यासाठीच. असा खटका नसलेला डबा घेताना इनपुट कपॅसिटन्स किती, ते बघा. केबलही गरजेपुरतीच लांब ठेवा.

एमसीला कपॅसिटन्सची फिकीर फारशी नसते; तिथे रोध पाहायचा. डीएल-१०३साठी कंपनी किमान १०० ओहम सांगते. बहुतेक एमसी डब्यांत तेवढा किंवा त्याच्या जवळपास असतोच.

गुंऽऽऽ आवाज कुठून येतो?

आपल्याकडची घरगुती वीज ५० हर्ट्झची. आरआयएए प्रमाणानुसार प्रीॲम्प नेमका ५० हर्ट्झचा आवाज १,००० हर्ट्झच्या सातपट वाढवतो. म्हणजे ४० डेसिबलच्या डब्यात शिरलेली विजेची गुणगुण शंभर नव्हे, सातशेपट होऊन बाहेर पडते. फोनोमध्ये हम इतका छळतो तो यामुळे.

उपाय साधे आहेत. टर्नटेबलला वेगळी अर्थची तार असेल, तर तिचे टोक प्रीॲम्पच्या मागच्या स्क्रूखाली घट्ट बसवा. सैल तारेवर बोट ठेवल्यावर हम कमी-जास्त झाला, तर रोग सापडला म्हणून समजा. रेगाच्या टर्नटेबलांना वेगळी अर्थ तार नसते. ते काम केबलचे आवरण करते, म्हणून तिथे तार शोधत बसू नका. डबा ॲम्पच्या डोक्यावर ठेवू नका; ॲम्पच्या ट्रान्सफॉर्मरपासून हातभर दूर ठेवा.

अडॅप्टरकडेही बघा. अमेरिकेतल्या नातेवाइकाने आणलेल्या डब्याचा अडॅप्टर फक्त १२० व्होल्टचा असेल, तर आपल्या २३० व्होल्टवर तो जळेल. काही डब्यांना डीसी नव्हे, एसी देणारा अडॅप्टर लागतो. पिन बसली म्हणून कोणताही लावू नये.

तबकडी वाकलेली असेल तर आणखी एक प्रकार दिसतो: गाण्यात खर्ज नसतानाही वूफरचा पडदा आत-बाहेर डुलत राहतो. तबकडीचे उंचसखल फेरे ऐकू न येणारे, काही हर्ट्झचे हेलकावे तयार करतात आणि ॲम्पची ताकद त्यात खर्च होते. जुन्या तबकड्या वाजवणाऱ्यांनी सबसॉनिक किंवा लो-कट फिल्टर असलेला डबा निवडावा.

मग कोणता घ्यावा?

पहिला पर्याय फुकटचा आहे. घरात जुना ॲम्प किंवा रिसीव्हर असेल तर त्याच्या पाठीवर ‘फोनो’ लिहिलेले सॉकेट आहे का ते बघा. असेल तर एमएमसाठी प्रीॲम्प घरातच आहे. टर्नटेबलमध्येच प्रीॲम्प असेल तर काही महिने त्यावरच ऐका. उणीव जाणवली तरच पुढे जा.

एमएमसाठी वेगळा डबा हवा असेल तर बेहरिंगरचा पीपी४०० हा अगदी खालच्या किमतीचा. त्याच्या वर एआरटी डीजे प्री टू येतो. वाढ कमी-जास्त करण्याची कळ, कपॅसिटन्सचा खटका आणि लो-कट ही तिन्ही त्यात आहेत, म्हणून नवशिक्याला तोच सर्वांत उपयोगी वाटतो. निर्मळ आणि साधा हवा असेल तर प्रो-जेक्टचा फोनो बॉक्स किंवा केम्ब्रिज ऑडिओचा अल्वा सोलो. घरातल्या तबकड्या संगणकावर उतरवायच्या असतील तर यूएसबी असलेला रेगाचा फोनो मिनी ए२डी.

पुढे एमसीकडे जाण्याचा विचार असेल तर दोन्ही जातींना चालणारा डबा आताच घ्यावा: आयफाय झेन फोनो, शीट मानी किंवा अल्वा ड्युओ. झेन फोनोमध्ये ३६ ते ७२ डेसिबल अशा चार पायऱ्या आणि सबसॉनिक फिल्टर आहे. एमसीचा ध्वनी हवा पण खर्च नको, त्यांच्यासाठी डेनॉनचे डीएल-११० आहे. ते १.६ मिलिव्होल्ट देते आणि एमएमच्या इनपुटवर चालते.

बालगंधर्वांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या वाजवणाऱ्यांसाठी एक सूचना. त्या आरआयएएच्या आधीच्या आहेत, त्यामुळे कोणताही साधा प्रीॲम्प त्यांचे प्रमाण नेमके जुळवणार नाही; ॲम्पवरच्या बास-ट्रेबलच्या कळांनी काम भागवावे. पण त्याआधी ७८साठीची जाड सुई हवी. एलपीची सुई त्या रुंद खाचेत तळाशी घासते आणि खरखरच ऐकवते.

हे सगळे झाल्यावर हात आखडता घ्या. प्रीॲम्प सुईने न उचललेला सूर निर्माण करू शकत नाही; आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तबकडीच्या आतल्या फेऱ्यांत ‘स’ फाटतो तो बहुधा सुईचा आकार किंवा कार्ट्रिजचा कोन चुकल्याने. त्यावर नवा डबा हे औषध नव्हे. २एम रेडच्या देहावर २एम ब्लूची सुई बसते, व्हीएम९५ईच्या देहावर त्याच मालिकेतली अधिक बारीक घडवलेली एमएल सुई बसते. प्रीॲम्पवर वाचवलेले पैसे तिथे घातलेत तर फरक पहिल्याच तबकडीला ऐकू येईल.

तेव्हा दुकानात जाण्याआधी कार्ट्रिजचे माहितीपत्रक काढा आणि कागदावर तीन गोष्टी लिहून न्या: किती मिलिव्होल्ट, किती पिकोफॅरड किंवा ओहम, आणि टर्नटेबलमध्ये आधीच प्रीॲम्प आहे की नाही. दुकानदाराला या तीनवर उत्तर देता आले तर तो दाखवेल तो डबा बघा. देता आले नाही तर दुसरे दुकान गाठा.